मुंजाजी कच्छवे, सामने सात

मंडळाच्या स्मरणिकेसाठी
त्याच्यावर चार ओळी पाहिजेत मला.
वडिलांच्या पंचगिरीच्या वहीत एवढंच सापडतं :
मुंजाजी कच्छवे. सामने सात.
पुढं एक रेघ.

सेलूत, तालमीमागच्या गिट्टी वेचलेल्या मैदानात
तो हुतूतू घुमवत शिरला की
मनमाडची गाडी फलाटाला लागून, पाणी घेऊन
परत सुटायची, दम सुटायचा नाही.
असं म्हणतात.
मी थोडं वजा करून ऐकतो.

ॲक्शननंतरच्या दुसऱ्या वर्षी
जिनिंगच्या शेठनं स्वतःचा संघ काढला.
खेळायला गेलं की रोज बुडतो, तो भरून देऊ म्हणाला :
सामन्यामागं दीड रुपया, हाली शिक्क्यातला,
वर एक बनियन. पाठीवर आकडा.
तोवर पाठीवर फक्त माती असायची.

मंडळाची बैठक बसली.
‘खेळ विकला’ असा ठराव झाला, एकमतानं.
मांडणाऱ्याची मोंढ्यात आडत होती.
त्याचा रोज कधी बुडायचा नाही.

मग परभणी, मानवत, जालना दोनदा,
दोन कुठं ते पाण्यानं पुसलंय.
सातवा पूर्णेच्या रेल्वेवाल्यांशी :
धरला घोटा, आणि गुडघाच उलटा गेला.

शेठनं त्याला काढलं नाही, हे लिहायला हवं.
सरकीच्या ढिगावर ठेवलं, बत्तीस वर्षं.
रुई उडते तिथं. नाकात, भुवयांवर, भाकरीत.
शेवटी शेवटी मोंढ्यातून घरी जाताना
तीन ओट्यांवर बसायचा.
तिसरा ओटा आमचा.
आई पाण्याचा तांब्या न विचारता ठेवायची,
वडील मात्र आत जायचे.

एकदाच विचारलं मी, पाचवीत असेन.
मुंजामामा, शेवटच्या सामन्यात बाद कुणी केलं तुम्हाला?
तो हसला, मग बराच वेळ खोकला.
‘बाद कामून?
पडल्या पडल्या रेघेला हात लावला व्हता मी.
दम व्हता तव्हर.
तुह्या बापानं पाह्यलं नाही.’

तांब्या पालथा घालून उठला.

सकाळी छापखान्याचं पोरगं मजकूर न्यायला येईल.
नाव लिहिलंय. सामने सात, तेही.
त्या निळ्या-जांभळ्या रेघेवर
मघापासून माझं बोट आहे.