साडेबारा ते तीन

जुलैत खोरफक्कानला समुद्राचा वास येत नाही,
तापलेल्या दोरांचा येतो.
साडेबाराला भोंगा होतो.
तीनपर्यंत उन्हात काम नाही, तसा कायदाच आहे.
मग मी, दादकरीम आणि रोडेल
बर्फाच्या यंत्रामागे, पत्र्याच्या पडवीत.
यंत्र गरम वारा सोडतं, तरी तिथंच बसतो.

समोर सव्वीस यॉट्स.
मी रोज मोजतो. का, ते विचारू नका.
आज्याला ओहोटीला खुंटावरच्या होड्या मोजायची खोड होती,
एकही त्याची नव्हती.

मालक सगळे थंड देशांत गेलेत.
यॉट्सवर पांढरी कापडं,
लग्न उरकल्यावर एका कोपऱ्यात झाकून ठेवतात ना
भाड्याच्या खुर्च्या, तशी.
नावं मला पाठ आहेत. एकीला बायकोचं नाव,
एकीला घोड्याचं.
एक आहे सब्र. म्हणजे सबुरी.
ती तीन वर्षांत धक्क्यापासून हललेली नाही.
तळाला कालवं धरतात, ती मी खरवडतो,
कमरेला दोर बांधून.
उभ्या बोटीला जास्त धरतात.

ऊन डोंगरामागे गेलं की
वल्हवणारी पोरं येतात. शर्यत हिवाळ्यात आहे,
घाम आत्ता.
लांब, अरुंद, लाकडी होडी,
आणि सुकाणूवर बू रशीद, पांढरी दाढी,
कर्णा हातात असून तोंडानंच ओरडणारा.
त्याला म्हणतात नोखदा.
आमच्याकडे नाखवा.
पहिलं वर्ष मी या एका शब्दावर काढलं.

परवा एक पोर आलं नाही, बहिणीचं लग्न.
बू रशीदनं धक्क्यावर नजर फिरवली.
मी पाइपनं डेक धूत होतो.
"तू. हिंदी. येतं?"
म्हटलं, थोडं.
आमच्या होडीला इंजिन बसलं त्याला अठरा वर्षं झाली.
त्याच दिवशी वल्ही माळ्यावर गेली.
एक पुढं मांडवाला टेकू म्हणून लागलं,
दुसरं कुणी नेलं, कळलं नाही.

तिसऱ्या फळीवर बसलो.
पाठ समुद्राकडे, तोंड गावाकडे. सगळेच तसे बसतात,
पुढचं बघायला एकटा नोखदा.
वाहिद, तो ओरडला.
माझं वल्हं पुढच्याच्या पाठीत.
इथनेन. पुन्हा पाठीत.
त्यानं दिलेली शिवी मला येत होती,
कुरियन सुपरवायझर रोज देतो.
मग कधीतरी कान सोडून
खांद्यांनी ऐकायला सुरुवात केली.
बाबा म्हणायचे, पाणी ओढू नकोस,
पाण्याला धर आणि तू ओढला जा.

लांब गेला धक्का, पत्रा, बर्फाचं यंत्र,
दोन्ही हात वर करून नाचणारा रोडेल,
सव्वीस यॉट्सची मिळून एक पांढरी रेघ.
सात वर्षं धक्क्यावरून पाणी पाहिलं,
पाण्यावरून धक्का कधी नाही.
गाव केवढंसं. डोंगर केवढे.
आणि एका पिवळ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर
वाळत घातलेला हिरवा टॉवेल.
माझाच.
दिसला आणि ताल चुकला, पुन्हा शिवी.

उतरताना बू रशीद म्हणाला,
उद्या नको, पोर येईल.
बरं, म्हटलं.
पाइप तसाच वाहत राहिला होता,
कुरियननं अर्ध्या दिवसाचे पैसे कापले.

आज तळहातांवर चार फोड.
सब्रचं पितळ घासतोय, न जाणाऱ्या बोटीचं,
आणि ते पांढरं औषध फोडांत जातं, झोंबतं.
दादकरीम म्हणतो, हातमोजे घाल की.

घालीन.
भोंगा होऊ दे.