पायडल थांबतं तेव्हा

वेंगुर्ल्याच्या अलीकडे, चढणीवर,
पत्र्याच्या शेडमध्ये बावीस मशिनं.
पायाने पायडल, हाताने दांडा,
दोन पात्यांच्या मध्ये वाफवलेली काजूबी.
नीट बसली तर टक.
नाही बसली तर कच्, आणि गराचे दोन तुकडे,
आणि तुकड्यांचा भाव
अख्ख्याच्या निम्मासुद्धा नाही.

मी आले तेव्हा एकोणीस वर्षांची.
पहिल्याच दिवशी चीक उडून मनगट भाजलं.
घरी सांगितलं, तव्याचा चटका.
दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशिनवरून
फिलोमिना आल्मेडा उठली.
खोबरेल आणि चुलीतली राख
माझ्या बोटांना चोळली, नखांच्या मुळापर्यंत,
आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली,
"दाबू नको गो, आयक.
बी आपणच सांगता."

काय सांगते ते मला ऐकू यायला नऊ दिवस लागले.
नऊ दिवस तिचं पायडल मधूनमधून थांबत होतं.
इथे मजुरी किलोवर.
थांबलेल्या पायाचं वजन कुठल्या काट्यावर होतं?
संध्याकाळी तिचा डबा रोजच्यापेक्षा हलका,
आणि वजन लिहिणारे धुरीमास्तर
चष्म्यावरून बघत, आकडा लिहीत, गप्प.
तेही एक शिकवणंच होतं,
हे मला फार उशिरा कळलं.

खोटं कशाला सांगू, मीही काही देवमाणूस नाही.
त्या जूनमध्ये पोराची फी होती.
पलीकडे नवी आलेली रेश्मा मुजावर
बिया चिरडत होती, कच्, कच्,
आणि मी मान वर केली नाही.
दांडा ओढत राहिले.
कोणी मला काही बोललं नाही.
फक्त फिलोमिना, तेव्हा साठीला आलेली,
गुडघ्यावर हात टेकत
माझ्या मागून वळसा घालून तिकडे गेली.
त्या दिवशी माझे अकरा किलो भरले.
अकरा किलो. अजून आठवतात.

मागल्या वर्षी रत्नागिरीहून एक साहेब आले,
पांढऱ्या फळ्यावर निळ्या शाईने लिहिलं: सहकार्य.
विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?
आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.
माणूस चांगला होता. चहा घेतला, भाजके गर घेतले,
जाताना कागद वाटले:
या आठवड्यात सहकाऱ्याला मदत केली का,
होय, नाही.
मी पेन धरून बसले.
फिलोमिना तर तीन पावसाळ्यांपूर्वी गेलेली,
तिचं होय कुठे लिहायचं?
रेश्माने कागदाची घडी केली
आणि डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
टेबल स्थिर झालं.

आता माझ्या शेजारी सुगंती.
झारखंडातून आली, मराठी येईना,
मला तिची बोली येईना.
हातावर हात ठेवला.
खोबरेल, राख.
टक म्हणजे टक,
त्याला भाषा कसली लागते?
तिला सहा दिवस पुरले.

काल दुपारी, भरती चढत असेल तेव्हा,
खाडीकडून खारट वारा येत होता
आणि माझा डबा तुकड्यांनी भरत होता.
मी वैतागले, दांडा जोरात ओढला.
शेजारचं पायडल थांबलं.
सुगंती उठली, वाकली,
माझ्या मशिनचा खालचा स्क्रू बोटाने चाचपला,
ढिला होता.
मला ऐकू आलं नव्हतं. हल्ली कान तेवढे राहिले नाहीत.
तिने पाना फिरवला,
मग माझ्या हातावर हात ठेवून,
कुठून कसे उचललेले कोण जाणे,
ते शब्द तिच्या तोंडून वाकडेतिकडे आले:
"दाबू नुको गो. आयक."

संध्याकाळी काट्यावर
तिचे सात, माझे साडेसहा.
धुरीमास्तरांच्या जागी आता त्यांचा पुतण्या असतो.
चष्मा नाही त्याला.
तरी लिहिताना क्षणभर थांबला, वर बघितलं,
आणि आकडा लिहिला, गप्प.