दम

दसरू नेवारे, खैरटोला. वजन एकेचाळीस.
कार्डावर एवढीच जागा.
बिडी दिवसाला तीस,
हे मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

सकाळी चार गोळ्या माझ्यासमोर गिळायचा,
तांब्या खाली ठेवायचा
आणि हात कानामागे.
"औषिद खातो ना जी, मंग बिडीनं का होते?"
तालुक्याला शिकवलेलं सगळं मी म्हणून दाखवलं.
त्यानं ऐकलं,
पोरीचं पाठांतर ऐकतात तसं.

आणि त्या घरात बिडी ठेवायची तरी कुठं लांब?
ओसरीत सायत्रा, मांडीवर सूप,
तेंदूपानं, गुलाबी दोरा दातात.
हजारामागे मिळेल त्यात तेल-मीठ.
तिला काय सांगू, सूप उलटं कर?

एकदा त्यानंच काढलं.
तलावाच्या तळाशी जाळं अडकलं
की गावातून एकच माणूस उतरायचा.
"नव्वद मोजतवरी वर येत नोतो मी."
म्हटलं, धरा दम. मी मोजते.
नाक चिमटीत, गाल फुगलेले.
अकराला खोकला.
सायत्राचा दोरा हातातच राहिला.

समासात : अकरा.

मग रोज, गोळ्यांनंतर, बिडीच्या आधी.
पुढं पुढं बिडीऐवजी.
तेरा. तेरा. दहा. सोळा.
तलफ येते, म्हणाला,
मासा गळाला तोंड लावून जाते तशी.
दोरी ओढाची नाही. बसून राहाचं.

दुसऱ्या महिन्यात सायत्रा काही न बोलता
सूप घेऊन शेवंताच्या पडवीत बसू लागली.
परतताना लुगडं दाराबाहेर झटकायची.

होळीच्या आदल्या दिवशी तो नवावर थांबला.
मी कार्डाकडे बघत राहिले.
"मयतीत गेलतो. कोनी देल्ली. पेल्लो. दोन."
लिहू की नको?
"लिव ना बाई," म्हणाला,
आणि पेन्सिल घेऊन स्वतःच लिहिलं, वाकडं.
ती मग त्याच्या कानामागेच राहिली.

पाचवा महिना. वजन शेहेचाळीस,
थुंकीची डबी निकोप.
तलाव उतरलेला, काठाला चिखल भेगाळलेला.
"उतरू?"
नाही म्हटलं.
तरी गुडघाभर गेलाच,
आणि वाकून नुसतं तोंड बुडवलं.
धुणाऱ्या बायांचे हात थांबले.

पेन्सिल कानामागून सुटून
तरंगत निघाली.
जाऊ दिली.
एकोणतीस, तीस, एकतीस,