अकरा ग्रॅम

मोंढ्यात काटे दुरुस्त करण्यात हयात गेली.
आडत्याचा, सोनाराचा, भंगारवाल्याचा,
कुणाचा किती खोटा, हे बोटांना आधी कळायचं.
आता जुन्या जालन्यात, घराच्या उत्तरेच्या भिंतीला,
पत्र्याच्या सावलीत बसून
मी झाडं जोखतो.

झाडं म्हणजे काय, गड्डेच.
पोट सुटलेला बुंधा, वर दोन काड्या.
एकाची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते,
एक हत्तीच्या पावलागत भेगाळलेलं,
एकाचं नाव ओथोना.
शेजारच्या केवळबाईंनी त्याचं ‘उताणा’ केलं.

लांबच्या मुलखातली ती, पार दक्षिण टोकाची.
तिथला जून त्यांनी इथं नोव्हेंबरात मोजला,
तेवढी तडजोड केली.
पण गारठ्याशिवाय जागं व्हायचं नाही म्हणजे नाही.
बाकी सगळं इथलंच:
चाळलेला मुरूम, विटांचा चुरा,
कुंडलिकेची जाड वाळू, मूठभर माती.

श्रावणात मी त्यांच्यावर ताडपत्री ओढतो.
चौकातली पोरं हसतात,
आख्खा जिल्हा वर बघत बसलाय
आणि हा बाबा पाऊस अडवतोय!

दर शनिवारी वजन. वहीत तारीख, कुंडीसकट आकडा.
फाल्गुनात पान पिवळं पडलं की पाणी अर्धं.
शेवटचं पान गळालं की बंद.
मग वैशाख. बाहेर त्रेचाळीस.
उताणा: चारशे बारा.
चारशे नऊ.
चारशे सात.
झोपेत माणूसही असाच थोडा थोडा उणा होत असेल,
कुणी जोखत नाही म्हणून बरं.

लेकीकडं हिंगोलीला गेलो, तेरा दिवस.
किल्ली केवळबाईंकडं.
आलो तो शनिवारच होता.
चारशे अठरा.
अकरा ग्रॅम जास्त.

वैशाखात काहीच वाढत नाही, भाव सोडले तर.
काटा पुसला, पाणसळ बघितली, पुन्हा ठेवलं.
चारशे अठरा.
अंगठ्यानं दाबलं. मानेशी, खाली,
पिकल्या सीताफळासारखं आत गेलं.

‘लई सुकलं होतं हो लेकरू,’ केवळबाई म्हणाल्या,
‘नळाला दहावा दिस. माझ्या रांजणातलं पाजलं,
रोज घोटभर.’

रोज घोटभर.
हे कुठल्या पारड्यात ठेवायचं?
आणि सांगायचं तरी काय,
पाण्यानं मेलं? या गावात?

रात्री ब्लेड तापवून कापत गेलो.
कुजकं तांबूस, अजून आत तांबूस,
हळद हातात धरून बसलो,
लावायला पांढरं काही उरलं नाही.
कुंडीत परत मुरूम भरला
आणि रांगेत, तिच्या जागी ठेवली.

कोजागरी झाली. पहाटे चादर पुरेना.
हत्तीपायाच्या भेगेतून
मोहरीएवढं हिरवं वर आलं.
पहिलं पाणी चमच्यानं, कडेकडेनं, ऊन चढायच्या आत.
घाई करायची नाही.
पान उघडेपर्यंत ते आपल्याच साठ्यावर उभं असतं.

केवळबाई रोज दारातून विचारतात,
‘उताणा उठला का?’
झोपलाय, मी म्हणतो.
‘लई झोप बाई त्याला.’

त्या कुंडीचंही वजन लिहितो, शनिवार चुकवत नाही.
तीनशे सहा. तीनशे सहा. तीनशे सहा.
मुरमाला काय, उन्हाळा-हिवाळा सारखाच.

गेल्या शनिवारी तीनशे बारा भरलं.

आकडा लिहिला.
काटा तपासला नाही.