गरम सळई

शब्दकोशात ‘हॉट’ होता, ‘रॉड’ होता,
दोन्ही मिळून काहीच नव्हतं.
म्हणून मी म्हटलं, गरम सळई.
इनास आणि गुणाजीने मान डोलावली,
जणू कुडचड्यात रोज कुणीतरी
गरम सळईवर बसून बाजाराला जातं.

पुस्तकं इनासच्या मामाची. तो तारवटी.
कुठल्याशा बंदरात किलोवर घेतलेल्या पाच कादंबऱ्या,
पत्र्याच्या ट्रंकेत, साबणाच्या वड्यांखाली.
खून, पैज, पेट्रोल, सगळ्याला साबणाचा वास.
इंग्रजी तिघांचंही बेताचं,
पण शब्दकोश माझा होता,
सातवीत पहिली आले त्याचा.
म्हणून वाचायची मी.

त्यात मुलं भंगारातून गाडी उभी करत.
टप कापत, बॉनेट फेकून देत,
इंजिन उघडं, बरगड्या दिसाव्यात तसं.
आणि रस्ता सरळ.
पानंच्या पानं सरळ रस्ता.
गुणाजीने एकदा मला थांबवलं,
“मध्ये वळण नाही? देऊळ नाही? एखादी म्हस?”
नव्हती.
आमच्याकडे सरळ एवढा रेल्वेचा रूळ,
आणि त्यावरून खनिज जायचं, आम्ही नाही.

चॅपेलमागे एक ओपेल पडली होती,
पोर्तुगीज गेले तेव्हा कुणीतरी टाकून गेलेला.
आत कोंबडी अंडी घालायची.
मेभर दोघं तिच्याखाली.
खाणीवरच्या फिटरकडून लोखंडी पाने आणायचे ते,
कागदी पानं मी.
गॅस्केट, क्लच, थ्रॉटल:
मी उच्चार सांगायची,
ते काळ्या हाताने वस्तू दाखवायचे.
अजूनही कुठलाही इंग्रजी शब्द
मला आधी तेलकट वाटतो.

ओपेल चालली नाही कधी.
एकदा खोकली.
कोंबडी खिडकीतून उडाली.
आम्ही त्यावर आठवडाभर जगलो.

पाचव्या पुस्तकाची शेवटची पानं नव्हती.
जुवांव (मूळचा जॉनी, जुवांव आम्ही केला)
रात्री पैजेला निघालेला, दिवे बंद,
काटा चढत चाललेला,
आणि नुसता पुठ्ठा.
आई हाक मारत होती, बांगडे साफ करायचे होते.
दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते.
मी पुठ्ठ्याकडे बघत वाचलं:
वळण आलं. जुवांव गेला.
पुस्तक मिटलं आणि घरी पळाले.

पाच पुस्तकांतलं
ते एकुलतं एक वळण माझं.

इनास आता स्विंडनला, मुलाकडे.
नवी गाडी घेतली की फोटो पाठवतो,
बॉनेट उघडं ठेवून.
गुणाजीने ड्रायव्हिंग स्कूल काढलं,
दोन ब्रेकची गाडी, एक त्याच्या पायाशी.
पोस्टातून निवृत्त झाले
आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी त्याच्याकडे नाव घातलं.

तिळामळच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घ्यायला लावली.
मागे दोन पोरं, बारावीची, मोबाइलात.
हँडब्रेक ओढून म्हणाला,
“हांगा आमचो एक इश्ट गेलो. जुवांव.
हात बरो. घाय वायट.”
मोबाइल खाली गेले.
“किती वर्षांचा होता, सर?”
“सतरा.”
सतरा मी कधीच सांगितलं नव्हतं.

बाहेर मैलाच्या दगडापाशी
वाळका झेंडू, मेणबत्तीचं बूड.
एकोणतीस वर्षांचे शिकाऊ,
त्यातलं कुणीतरी ठेवत असणार.
मी गुणाजीकडे बघितलं.
तो आरशातून पोरांकडे बघत होता,
डोळे खरेच ओले,
आणि मला ठरवता येईना
याला पुठ्ठा आठवत होता की नाही.

“चल गे,” म्हणाला. “दुसरा टाक.”
टाकला.
वळणावर इतकी हळू गेले
की मागची म्हस हॉर्न देईल असं वाटलं.
गुणाजीचा पाय
त्याच्या ब्रेकवर नव्हताच.