कानोसा

पेजो चारशेचार. रंग आकाशी होता म्हणे,
आता बराचसा पुट्टीचाच.
झकारिया तिला डायर दावाहून घाट चढवून आणतो
आणि हरारच्या वेशीत शिरताच तिला ठसका लागतो.
कुठे जायचं नाही, उतारू नाहीत, नुसती उभी आहे,
तरी धापा टाकते.
मागून काळा धूर, पेट्रोलचा वास सीटच्या फोममध्ये मुरलेला.

"खाली बरी चालते," दर वेळी हेच सांगतो,
जणू आम्ही इतक्या उंचावर राहतो हा आमचाच गुन्हा.

बेदासो प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवतो.
काजळी, तव्याच्या बुडाला असते तशी.
वर हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढंच.
"पाहुणे निम्मे आले, हावी,
आणि इंजेरा भाजल्या अख्ख्या गावाच्या."

मग तो झकारियाला कॉफी आणायला पिटाळतो.
नावच झालंय तसं त्याचं:
कॉफीशिवाय बेदासो स्क्रूला हात लावत नाही.

फिंजाल येतो, कान नसलेला इवलासा कप.
बेदासो तो मडगार्डवर ठेवतो. पीत नाही.
पितळी स्क्रू अलगद आत पिळत नेतो, टेकेपर्यंत,
(जोर केलास तर टोक चेपेल, मग बस रडत)
तिथून दीड आटा बाहेर.
इंजिन चालू. पाव आटा आत. थांबतो.
केसभर आत. थांबतो.
नजर कार्ब्युरेटरवर नाही, कपात.

तीन वर्षं मला वाटायचं, विचार करतोय.

मग एकदा पाठीमागे बसवाल्याने भोंगा असा वाजवला
की माझ्या हातातला पाना पायावर पडला
आणि बेदासोची पापणीसुद्धा हलली नाही.
त्या दिवसापासून मीही कपात बघू लागले.
बिघडलेल्या इंजिनाला कॉफी एका अंगाला हिंदकळते.
जुळत आलं की कडेकडेने बारीक वलयं,
आणि जुळलं की
साय धरल्यासारखी ती थरथरत राहते, एकसारखी.
मी कुणाला बोलले नाही. त्यालाही नाही.

आज रमजानचा सातवा.
गल्लीतली कॉफीची टपरी संध्याकाळपर्यंत बंद,
झकारिया स्वतः कोरड्या ओठांनी सावलीत बसलेला.
इंजिन तापलं. स्क्रू दीड आट्यावर.
मडगार्ड मोकळं.

पाणी होतं. माझ्या पायाशी अख्खा डबा भरलेला.
चाललं असतं.
त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि चूक कबूल करावी तितक्या हळू म्हणाला,
"कसा येतोय आवाज?"

मला शब्दच सुचेना.
"खोकतोय," मी त्याच्या डोळ्यांसमोर ओठ नेऊन म्हटलं.
पाव आटा आत.
"आता?"
"रिकामा डबा उतारावरून जातोय."
आणखी थोडा.
"आता?"
"आता..." मी डोळे मिटले.
"शिंप्यांची गल्ली. सगळे नमाजाला गेलेत
आणि एकच मशीन मागे चालू राहिलंय."

हात थांबला. कितीतरी वेळ तो काहीच बोलला नाही.
झकारिया उठून उभा राहिला, झालं का म्हणून.
बेदासोने त्याला हातानेच खाली बसवलं.

"कुणाचं मशीन?"

मी पुन्हा कान दिला.
अमीनचं नव्हे, त्याच्यात कधीच तेल नसतं.
इद्रिसचं पुढे पळतं, पायात दम धरत नाही.
"खैरियाचं," मी म्हटलं, "पण ती आज दमलीये."

तो हसला. वेगाचा स्क्रू
नखाएवढा वर घेतला.

"खाली गेल्यावर राहील ना असंच?" झकारियाने विचारलं,
माझ्याकडे बघून विचारलं.
"नाही," मी म्हटलं. "खाली गेलास की पाव आटा बाहेर."