पक्षी कोणी मारला

तपकीर गल्लीतल्या माणसानं मशीन आधी हुंगून पाहिलं,
मग म्हणाला, "मॅडम, मशीन ठणठणीत आहे,
तुमचा टीव्हीच फार शहाणा झालाय.
पिवळी-पांढरी-लाल पिन ओळखत नाही आता."
साडेतीनशेची डबी घेतली दोघांच्या मधे बसवायला,
आणि शनिवारी संध्याकाळी बिबवेवाडीत
आम्ही चौघं पुन्हा फरशीवर बसलो.
गुडघे सोडले तर सगळं तसंच.

कॅसेटवर छापलंय: नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम.
खरे सात. बाकीचे त्याच सातांचे रंग बदललेले.
चौघांत कुठला लावावा यावर अर्धा तास गेला.
जोएल म्हणतो जंगलातला, दोघांनी मिळून गोळ्या घालायचा;
पण त्यात एक वर चढला की दुसरा खाली मरतो,
त्यावरून त्याची आणि प्रसन्नची
दहावीत सहा महिने बोलाचाल बंद होती.
दस्तगीरला कुस्ती हवी. एकच बटण दाबत राहतो, आणि जिंकतो.
मोटारसायकल? ती एकट्याची.
बदकं? बंदूक केव्हाच हरवली.

शेवटी रणगाडे. अर्थात रणगाडे.
खाली मध्यभागी विटांच्या कोटात एक पक्षी बसलेला,
तो सांभाळायचा, बस्स.
माणसं कितीही असोत, रिमोट दोन.
मेला त्यानं उठायचं, पुढच्यानं बसायचं.
पक्षी मेला तर दोघांनीही उठायचं.

आणि मग दर वेळचं सुरू झालं.
"अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, एकोणिसाव्या राउंडला
आपलाच पक्षी आपल्याच गोळीनं कोणी मारला?"
प्रसन्न माझा सख्खा भाऊ. बँकेत ऑडिट करतो.
"दस्तगीर डावीकडे होता."
"मी पाणी प्यायला गेलो होतो रे."
"जोएलचं बटण अडकायचं."
"माझं? आणि तुमच्या आईनं अडॅप्टर तापला म्हणून
त्याच्यावर ओला नॅपकिन टाकला, त्याचं काय?"
माझं नाव कोणी घेत नाही.
मी वेफर्सचं पाकीट फोडते.

त्या दुपारी दारात गोरख उभा होता, इस्त्रीवाल्याचा.
बाबांचे सहा शर्ट देऊन झाले होते, पैसे मुठीत होते,
तरी उंबऱ्याबाहेर थांबलेला.
चपला काढलेल्या, म्हणजे आत यायची तयारी;
पण "ये" असं कोणी म्हणालं नव्हतं. मीही नाही.
रणगाडा वळला की त्याची मान वळायची.

एकोणिसाव्याला मी माझा रणगाडा मागे फिरवला.
विटा फोडायला दोन गोळ्या लागतात.
दोन गोळ्यांच्या मधे माणसाला विचार बदलता येतो.
मी नाही बदलला.
प्रसन्न असा किंचाळला की खालच्या परांजपेकाकूंनी
छताला झाडूचा दांडा ठोकला,
आणि त्या गोंधळात मी रिमोट दाराकडे धरला.

गोरखनं पैसे खिशात टाकले. तळवे शर्टाला पुसले.
बसला नाही, वायर पुरेना म्हणून नुसता वाकला.
पहिल्या राउंडचे चार रणगाडे मारले त्यानं,
पाचवा कोपऱ्यातून येत होता.
गुरुवार होता.
लाईट गेली.

"येतो," म्हणाला.
पुढच्या आठवड्यापासून कपडे त्याचे वडील आणू लागले.
का, ते मी विचारलं नाही.

"कोणी मारला?" प्रसन्न अजून विचारतोय.
सांगून टाकावं, आता त्यात काय आहे.
पण मग तो म्हणेल, कोण गोरख?
आणि दस्तगीर, जोएल, तेही माझ्याकडे बघत बसतील.

पडद्यावर आडव्या रेघा येतात.
"काढ, फुंक," तिघं एकदम ओरडतात.
मी काढते. फुंकते.
धूळ कसली, नुसती वाफ.